नाल्याचं नाव लिहा : नदीप्रदूषणाच्या तक्रारीचा शेवटपर्यंत पाठपुरावा कसा करायचा

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला नदी बिघडल्याचं वर्तमानपत्रातून कळत नाही. आधी वास येतो. मग बंधाऱ्याच्या बरग्यांपाशी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांपाशी, फेस साचतो, पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात आणि उन्हं वर येईपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागलेली असते. साखर कारखान्याचं काळं सांडपाणी आलं असं धरून लोक म्हणतात, ‘मळी सोडली.’ कुणी सोडली, कुठून सोडली, किती वाजता सोडली, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

मीही ठेवलं नव्हतं. आमच्या पहिल्या अर्जात ‘नदी अत्यंत प्रदूषित झाली असून तातडीने कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलं होतं आणि खाली दोनशेच्या वर सह्या होत्या. पाहणी चार दिवसांनी झाली. तोवर वरून पाणी सुटलं होतं, नदी धुऊन निघाली होती. उत्तरात आलं की पाहणीच्या वेळी तक्रारीत तथ्य आढळलं नाही. राग आला, पण अर्ज पुन्हा वाचला तेव्हा चूक दिसली. आम्ही नदीबद्दल तक्रार केली होती. नदी कुणाच्याच नावावर नसते. नाला, पाइप, चर मात्र कुणाच्या ना कुणाच्या नावावर असतो, आणि त्या नावाने सरकारने अटी घालून दिलेला एक कागद असतो. त्या कागदापर्यंत कसं पोहोचायचं आणि पुढे काय करायचं, ते इथे सांगतो. उदाहरणं पंचगंगेची आहेत, पण इंद्रायणी, पवना, गोदावरी, उल्हास कुठलीही नदी घ्या, रीत तीच.

नियम नाहीत, हा गैरसमज

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या आधी. ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ चा. तो आपल्याकडे १ जून १९८१ पासून लागू आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ कायदा आणि मंडळ दोन्ही आहेत. तरीही केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, तेव्हा त्यातले सर्वाधिक ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ पर्यंत उतरला आणि महाराष्ट्राचा ५५ वर गेला. माझ्या मते दुखणं या दोन आकड्यांच्या मधे आहे. नियम कमी पडलेले नाहीत, नियम मोडणाऱ्याला तारखेनिशी धरणं कमी पडलं आहे.

एक सूचना आताच देतो, कारण जुने कार्यकर्तेही इथे अडखळतात. नदीकाठापासून अमुक अंतरात उद्योग नकोत असं सांगणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झालं. अर्जात त्याचा आधार घेतला तर तेवढ्या एका ओळीवरून सगळा अर्ज बाजूला पडतो.

पहिलं काम : नदी चालून पाहा

तीन-चार जणांनी मिळून आपल्या गावाच्या हद्दीपासून वरच्या अंगाला चालत जायचं. पंचगंगेवर आम्हाला कोल्हापूरकडे तोंड करून चालावं लागतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच नद्या प्रयाग चिखलीला मिळतात, तिथपासून नरसोबावाडीच्या कृष्णा संगमापर्यंत नदीत काय काय शिरतं ते बघायचं. कोल्हापूर शहरातून जयंती नाला आणि दुधाळी नाला येतात, पुढे साखर कारखानदारीचा पट्टा लागतो, औद्योगिक वसाहतींची पाणी असतात, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचं पाणी आणि काळा ओढा येतो. शिवाय काठावरच्या प्रत्येक गावाची गटार आहेच, आणि ती आपल्या गावाचीही असते. ती यादीतून वगळू नका. वगळली तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार.

प्रत्येक मुखाला एक क्रमांक द्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटेल असं अॅप घ्या. फोटो नेहमी त्याच जागेवरून, त्याच कोनातून काढा. तुलना करता येते. वहीत रंग, वास, फेस, पाण्याचा जोर आणि हवामान लिहा. दर आठवड्याला एक फेरी मारा, आणि शिवाय ज्या वेळी लक्ष नसतं त्या वेळी मुद्दाम जा: रात्री, रविवारी, सणाच्या दिवशी, वळवाच्या पहिल्या सरीबरोबर. पावसाच्या आडोशाने पाणी सोडणं ही जुनी खोड आहे.

मासे मेलेले दिसले तर तिथेच फोटो काढत थांबू नका. मासे जिथे मरतात ती जागा सहसा कारणाची नसते. वर चालत जा, पाण्याचा रंग आणि वास जिथे बदलतो तिथपर्यंत. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर पाणवनस्पती तो वापरतात आणि उजेड नसल्याने तयार करत नाहीत. म्हणून मासे पहाटे तडफडतात. केंदाळाने पात्र झाकलं असेल तर हा त्रास अधिकच. बंधाऱ्याच्या फुगवट्याचंही ध्यानात ठेवा: अडवलेल्या पाण्याच्या तळाशी महिनोन्महिने गाळ आणि घाण बसते, आणि बरगे काढले की ती एकदम खाली जाते. त्या दिवशी मासे मेले ते आदल्या रात्रीच्या विसर्गामुळे, असं ठामपणे लिहिलंत तर तुमचा अर्ज खोटा ठरू शकतो. जे पाहिलं तेवढंच लिहा.

कुणाच्या कुंपणाच्या आत शिरू नका. मॅनहोलचं झाकण उघडून वाकू नका. त्यातला वायू क्षणात माणूस आडवा करतो. शेतातून जायचं तर शेतकऱ्याला विचारून जा. तोच पुढे साक्षीदार होतो.

आकडे वाचायला शिका

चार-पाच आकडे समजले की मंडळाचा कुठलाही अहवाल वाचता येतो. विरघळलेला प्राणवायू जितका जास्त तितका चांगला. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. हा आकडा कमी हवा. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यासाठी प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम हवा. मैल्यातले जिवाणू, म्हणजे फीकल कॉलिफॉर्म, १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या वर नकोत. प्रदूषित पट्टे ठरतात तेही बीओडीवरून: २०१८ च्या वर्गवारीत ३० च्या वरचा पट्टा पहिल्या प्राधान्याचा, ३ ते ६ मधला पाचव्या.

नदीचे निकष वेगळे आणि नदीत सोडायच्या पाण्याचे वेगळे, ही गल्लत नेहमी होते. उद्योगाने नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी, म्हणजे घाण रसायनाने मोडायला लागणारा प्राणवायू, २५० आहे. शहरी मैलापाणी प्रक्रिया केंद्रासाठी २०१७ च्या अधिसूचनेत बीओडी महानगरांत २० आणि इतरत्र ३० ठेवला आहे. संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा.

स्वतः काय मोजता येईल? साधं विद्युतवाहकता मीटर कापड प्रक्रियेच्या पाण्यासाठी उपयोगी पडतं, कारण त्या पाण्यात मीठ भरपूर असतं आणि आकडा लगेच उडी मारतो. मैलापाण्याबद्दल ते मीटर फारसं काही सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

नमुना घ्यायचाच असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी आधी बोला आणि बाटल्या त्यांच्याकडूनच आणा. नमुने तीन घ्या: नाल्याच्या मुखाच्या वर, ऐन मुखाशी, आणि पाणी पुरतं मिसळल्यावर खाली. एकट्या खालच्या नमुन्याने काहीच सिद्ध होत नाही, घाण वरून आली असं कुणीही म्हणेल. बाटली पृष्ठभागाखाली वीतभर नेऊन, पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून भरा. कॉलिफॉर्मची निर्जंतुक बाटली विसळायची नाही. सगळं बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. प्राणवायूचा नमुना जागेवरच रसायन घालून बांधावा लागतो, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. भरताना सरपंच, ग्रामसेवक किंवा तलाठी हजर असले आणि साधा पंचनामा झाला तर फार चांगलं.

एवढं करूनही तुमचा नमुना खटल्यातला कायदेशीर नमुना होत नाही. तो केंद्राच्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, संबंधिताला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. तुमच्या नमुन्याचं काम अधिकाऱ्याला तिथे यायला भाग पाडणं, एवढंच. ते काम तो चांगलं करतो.

संमतीपत्र मिळवा

हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल. त्याच कायद्याच्या कलम २५ खाली सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला, नगरपालिकेला, सामायिक प्रक्रिया केंद्राला मंडळाची संमती लागते. दिवसाला किती घनमीटर सांडपाणी, त्यावर कोणती प्रक्रिया, प्रक्रियेनंतर पाणी कुठे सोडायचं, कोणत्या मर्यादेत, बँक हमी किती, संमतीची मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यात असतं. काही उद्योगांना एक थेंबही बाहेर सोडायची परवानगी नसते. तिथे प्रयोगशाळेचीही गरज नाही. कुंपणाबाहेर पाणी आलं की अट मोडली.

या संमतींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि बाधित किंवा हितसंबंधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क कलम २५(६) देतं. मंडळाच्या संकेतस्थळावरही संमतीपत्रं सापडतात. नाही सापडलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क १० रुपये. आम्ही असा लिहितो:

‘आपल्या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रातील (नाव, गट क्रमांक) या उद्योगासंबंधी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. एक, सध्याचे संमतीपत्र. दोन, सर्व पाहणी अहवाल. तीन, संयुक्त दक्षता नमुन्यांचे विश्लेषण अहवाल. चार, दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, निर्देश, बंद व पुन्हा सुरू करण्याचे आदेश. पाच, जप्त केलेल्या बँक हमीचा तपशील. प्रती देण्यापूर्वी संपूर्ण नस्ती पाहण्याची संधी द्यावी.’

‘प्रदूषण का थांबवले नाही?’ असा प्रश्न माहिती अर्जात विचारू नका. माहिती अधिकारी कागद देतो, कारणमीमांसा देत नाही, आणि त्या एका प्रश्नावर अर्ज फेटाळला जातो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं. नस्ती, म्हणजे मूळ फाइल, पाहायला मात्र स्वतः जा. टिपणीच्या पानावर जे दिसतं ते प्रतींच्या गठ्ठ्यात दिसत नाही. पाहणी झाली, नमुना मर्यादेबाहेर गेला, नोटीस निघाली आणि फाइल तिथेच थांबली, अशी साखळी डोळ्यांनी पाहिली की पुढचा अर्ज आपोआप सुचतो.

नगरपालिकेचा नाला असेल तर

लोकांचा रोख कारखान्यावर असतो, पण नदीत शिरणाऱ्या घाणीत शहराच्या मैलापाण्याचा वाटा मोठा असतो. आणि शहराला टाळं ठोकता येत नाही, म्हणून अंमलबजावणी इथे सर्वांत ढिली पडते.

आधी हिशेब मांडा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी झालं, तर एक लाख वस्तीचं रोजचं सांडपाणी सुमारे १ कोटी ८ लाख लिटर, म्हणजे १०.८ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). आता प्रक्रिया केंद्राची क्षमता बघा. कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं आणि दुधाळीला १७ एमएलडीचं केंद्र उभं आहे. पण क्षमता म्हणजे भिंतीवर लिहिलेला आकडा. केंद्र खरंच किती चालतं ते पाहायचं तर वीजबिल मागवा. हे मला एका निवृत्त पंपचालकाने शिकवलं आणि त्याच्याइतका नेमका सल्ला मला कुणी दिलेला नाही. पंप फिरला तर मीटर फिरतो. बारा महिन्यांची बिलं, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची नोंदवही आणि नाल्यावरच्या उपसा केंद्राचं लॉगबुक या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की कोणत्या महिन्यात नाला तसाच नदीत गेला ते कळतं.

महापालिका आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो मागवा आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. ‘निधी नाही’ हे उत्तर आलं तर रतलामचा निकाल लक्षात असू द्या. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेविरुद्ध रहिवासी उघड्या गटारांची आणि मद्यार्क कारखान्याच्या दुर्गंधीयुक्त पाण्याची तक्रार घेऊन दंडाधिकाऱ्याकडे गेले होते. पैसे नाहीत ही सबब १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. ती तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ची होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे, हा अर्ज करता येतो. हा मार्ग स्वस्त आहे आणि विनाकारण विसरला गेला आहे.

तक्रार अशी करा

घटना दिसली त्या तासाला मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला फोन करा, लगेच ईमेल, आणि दुसऱ्या दिवशी पोचसह लेखी अर्ज. प्रत प्रादेशिक अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकारी जिल्हा पर्यावरण समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून त्यांना प्रत द्यायची.

मजकूर एका पानाचा. मुख क्रमांक, ठिकाण, वेळ, काय दिसलं, संमतीपत्रातली कोणती अट मोडली असं वाटतं. ‘वाटतं’ हा शब्द ठेवा. पुरावा हाती येईपर्यंत कारखान्याचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर आरोप करू नका, बदनामीची नोटीस येते आणि चार माणसं गळतात. मागणी नेमकी करा: कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा, पंचनाम्याच्या वेळी आम्हाला हजर राहू द्यावं, अहवालाची प्रत द्यावी.

सह्यांपेक्षा ग्रामसभेचा ठराव जड. आमच्या भागात ज्याच्या शेतात विषारी पाणी शिरतं त्याचाच ऊस त्या परिसरातल्या कारखान्याला जातो, पोरगं तिथेच कामाला असतं. एकट्याने सही करायला तो कचरतो आणि त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. ठराव गावाचा असतो, त्यावर एकाचं नाव नसतं. इचलकरंजीतही यंत्रमागावर घरं चालतात. कामगारांशी बोला: प्रक्रिया केंद्र नीट चालवा ही मागणी आहे, कारखाना कायमचा बंद करा ही नाही. शेवटी पाणी त्यांच्याही नळाला येतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. नदीकाठच्या त्या शहरासाठी पुढे वारणेचं आणि मग सुळकूडहून दूधगंगेचं पाणी आणायच्या योजना निघाल्या, आणि दोन्ही वेळा त्या नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला.

फाइल कुठे थांबली ते शोधा

मंडळाच्या कारवाईच्या पायऱ्या असतात: कारणे दाखवा नोटीस, प्रस्तावित निर्देश, बँक हमी जप्त, आणि शेवटी कलम ३३अ खाली बंदचा आदेश, ज्यात वीज-पाणी तोडायला सांगता येतं. बहुतेक प्रकरणं मधल्या पायरीवर झोपतात, किंवा बंदचा आदेश निघून थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघतो. तो दुसरा आदेश मागवाच. त्यात कोणत्या अटी घातल्या आणि त्या पाळल्या का, हा पुढच्या तक्रारीचा विषय. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समिती प्रकरणात प्रक्रिया यंत्रणा चालू नसेल तर उद्योग चालू देऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या निकालाचा उल्लेख जरूर करा. राज्य मंडळ हलत नसेल तर केंद्रीय मंडळाला लिहा. कलम १८ खाली ते राज्य मंडळाला निर्देश देऊ शकतं.

न्यायाधिकरण आणि न्यायालय

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई न मागता अर्ज करायचा तर शुल्क १,००० रुपये, आणि वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. खरी अडचण मुदतीची. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, फार तर साठ दिवस वाढतात. भरपाई आणि नदी पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. ‘दहा वर्षांपासून प्रदूषण चालू आहे’ असं अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिणारे आपल्याच हाताने मुदत घालवतात. ताजी घटना, ताजा अहवाल, ताजी तारीख घ्या.

जलप्रदूषण कायद्याच्या कलम ४९ मध्ये १९८८ पासून सामान्य नागरिकालाही फिर्याद करता येते. आधी मंडळाला साठ दिवसांची नोटीस द्यायची, आणि मागितल्यास मंडळाने त्याच्याकडचे अहवाल तुम्हाला द्यायचे. पुष्कळदा फिर्यादीची वेळच येत नाही. नोटिशीनेच फाइल हलते. २०२४ च्या दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, आणि इतर राज्यांना विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारता येते. म्हणून नोटिशीतली कलमं पाठवण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्या. जनहित याचिकेसाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना आता मुंबई गाठायला नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतं.

वर्षाचा क्रम

गाळप सुरू होण्याआधी, ऑक्टोबरात, सगळ्या मुखांचे कोरडे फोटो काढून ठेवा. २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. मार्चअखेर माहिती अर्ज टाका, म्हणजे पूर्ण हंगामाचे अहवाल एकत्र मिळतात. १ मेच्या ग्रामसभेत त्या अहवालांचं वाचन करा, मोठ्याने, आकड्यांसकट. मेच्या शेवटी पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याला बरगे काढायची तारीख विचारा आणि ती मंडळाला लेखी कळवून त्या दिवशी नमुने घ्यायची मागणी करा. त्याच्या आदल्या रात्रीपासून दोन माणसं बंधाऱ्यावर हवीत. बॅटरी, वही, प्रयोगशाळेच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी संध्याकाळीच तयार ठेवा, आणि पेटी पहाटे कोण घेऊन जाणार ते आधी ठरवा.